ॲप म्हणतं पंचेचाळीस हजार, सराफ म्हणतो चांदीचा भाव : मग खरं कुणाचं?

आधी प्रश्न काय होता ते थोडक्यात, म्हणजे मधूनच वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. आजोबांच्या ट्रंकेत बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात पाच नाणी सापडली. एक १८६२ चा राणीछाप रुपया, एक १९४७ चा वाघाचा रुपया, एक गांधीजींचं दहा रुपयांचं "१९४८ चं" नाणं, एक तांब्याचं जाडजूड वेडंवाकडं काहीतरी, आणि एक राम-लक्ष्मण-सीता-हनुमान असलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं. दोन ॲपमध्ये फोटो टाकले. राणीछापाला एका ॲपने २,००० ते ४५,००० दाखवले, दुसऱ्याने ९००, आणि गावातला सराफ म्हणतो चांदीच्या भावाने घेतो. "तर नक्की कुठलं ॲप अचूक आहे?"

मी गेली २२ वर्षं नाणी गोळा करते आणि त्यातली १४ वर्षं थोडीफार खरेदी-विक्रीही करते, सांगलीत घरूनच, आणि वर्षातून तीन-चार प्रदर्शनांत टेबल लावते. हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो, फक्त नाणी बदलतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ॲप कुठलं अचूक हा प्रश्नच नाहीये मुळात. नाणं कुठलं आहे हा एक प्रश्न आणि त्याचे मला किती मिळतील हा दुसरा, आणि ॲपवाले एकाच स्क्रीनवर दोन्हीचं उत्तर देतात त्यामुळे आपल्याला वाटतं की पहिलं बरोबर आलं म्हणजे दुसरंही बरोबरच असणार. पहिल्या प्रश्नाला ॲप बरीच मदत करतं, मी पण वापरते, खोटं कशाला बोलू. परदेशी नाण्यांचा ढीग समोर आला, कुणी गल्फमधून आणलेली, कुणी आफ्रिकेतून, की फोटो काढून देश आणि वर्ष बघायला ॲपसारखं काही नाही. दुसऱ्या प्रश्नाला मात्र ते जवळपास निरुपयोगी आहे, निदान भारतीय नाण्यांना.

का ते तुमच्या राणीछापावरच बघू.

२,००० ते ४५,००० हा आकडा म्हणजे तुमच्या नाण्याची किंमत नाही, ती १८६२ लिहिलेल्या सगळ्या रुपयांची पट्टी आहे. खालचं टोक पूर्ण झिजलेल्याचं, वरचं टोक टांकसाळीतून आत्ताच बाहेर पडल्यासारखं दिसणाऱ्याचं. ॲप वरचा आकडा मोठ्या अक्षरात दाखवतं कारण तो बघूनच तुम्ही वर्षाची फी भरणार. (फुकट ट्रायल घेतली असेल तर आधी सबस्क्रिप्शन बंद करा, उत्तर नंतर वाचलं तरी चालेल.) शिवाय हे आकडे येतात कुठून? काही परदेशी कॅटलॉगमधून डॉलरमध्ये, काही ऑनलाइन विकायला ठेवलेल्या किमतींवरून. आता विकायला मी माझा जुना मिक्सरही लाखाला ठेवू शकते, कोण अडवतंय. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. आणि दुसऱ्या ॲपचे ९०० तर उलट कमी आहेत, चांदी किलोला लाखाच्या वर गेल्यापासून त्या रुपयात नुसती चांदीच त्याहून जास्तीची आहे, म्हणजे तो आकडा कधीतरी भरला आणि तसाच पडून राहिला.

हा चांदीचा हिशोब प्रत्येकाने पाठ करून ठेवावा असा आहे. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.६९ ग्रॅम. गुणिले त्या दिवसाचा ग्रॅमचा भाव. हा तुमचा तळ. सराफ यातून झीज आणि घट धरून थोडं कमी देणार, तो त्याचा धंदा आहे, तो फसवत नाहीये. पण हा हिशोब १९३९ पर्यंतच्याच रुपयांना. १९४० ते ४५ मधल्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्मीच, म्हणजे ५.८३ ग्रॅम. युद्धात चांदी पुरेना म्हणून कमी केली. दिसायला दोन्ही रुपये सारखेच, त्यामुळे सराफाकडे भावाचं बोलताना आधी वर्ष बघून घ्या.

आता १८६२ मधली गंमत. हे वर्ष छापलेले रुपये फक्त १८६२ मध्ये पाडलेले नाहीत. तारीख तशीच गोठवून १८७४ पर्यंत तेच वर्ष वापरत राहिले, आणि मुंबई टांकसाळीने खरं वर्ष कळावं म्हणून मागच्या बाजूला बारीक ठिपके टाकले, वर्षाच्या खाली काही आणि वरच्या फुलापाशी काही. संग्राहक ते ठिपके मोजतात, खाली किती, वर किती. राणीचा चेहरा आणि कपड्याची नक्षी यातही प्रकार आहेत. काही जोड्या ढिगाने मिळतात, काहींसाठी माणसं वर्षानुवर्षं थांबतात. ॲपला विचाराल तर ते सांगणार "व्हिक्टोरिया क्वीन, १८६२, रुपया", झालं. ठिपका मोहरीच्या दाण्याहून लहान असतो हो, मोबाइलच्या फोटोत तो आहे की नक्षीतला खळगा आहे हे मलाच सांगता येत नाही तिथे ॲप काय सांगणार. त्यामुळे तुमच्या रुपयाचं पहिलं काम म्हणजे दहा पट मोठं दाखवणारं भिंग घेऊन, घड्याळजीकडे असतं ते, खिडकीपाशी बसून ठिपके मोजणं.

दुसरं काम त्याहून महत्त्वाचं, नाण्याची अवस्था. तुम्ही टाकलेला फोटो मी मोठा करून बघितला. नाणं चकचकीत पांढरं आहे आणि तेच मला खटकतंय. दीडशे वर्षांची चांदी अशी दिसत नाही, तिच्यावर करडा-काळपट थर असतो, कडेला निळसर झाक असते. आपल्याकडे ही नाणी लक्ष्मीपूजनाची असतात ना, मग दर दिवाळीला चिंच, राख, पितांबरी, आजकाल टूथपेस्ट, आणि वरून घासणी. राणीच्या गालावर एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या रेघा दिसतायत बघा, त्या घासल्याच्या. ॲपच्या लेखी चकचकीत म्हणजे चांगलं, त्यामुळे त्याने तुम्हाला "एक्स्ट्रा फाइन" (म्हणजे फारसं न झिजलेलं) दिलंय. माझ्या टेबलावर हेच नाणं आलं तर मी म्हणेन "क्लीन्ड", आणि किंमत चांदीच्या भावाच्या थोडी वर, ठिपक्यांची जोडी वेगळी निघाली तर गोष्ट वेगळी. वाईट वाटून घेऊ नका, ज्या घरातलं नाणं देव्हाऱ्यात होतं त्यांनी ते घासलेलंच असणार, तो काही गुन्हा नाही. फक्त इथून पुढे नको.

अजून एक, कडेला वरच्या बाजूला बघा कुठे डाग किंवा खरखरीत जागा लागते का. जुन्या रुपयांना कडी डाखून गळ्यातल्या माळेत ओवायचे, नंतर कडी काढली तरी डाखाचा व्रण राहतो. तो फोटोत कधीच येत नाही कारण सगळे फोटो समोरून काढतात, आणि त्याने किंमत धाडकन खाली येते.

मग किंमत काढायची कशी? मी जे करते ते सांगते. भारतात नाण्यांचे रीतसर लिलाव होतात, मुंबईत तोडीवाला आणि ओसवाल, अहमदाबादला क्लासिकल न्युमिस्मॅटिक गॅलरी, बंगळुरूला मरुधर, अजूनही आहेत. यांच्या जुन्या लिलावांचे फोटो आणि बोली ऑनलाइन बघायला मिळतात. तिथे जाऊन तेच नाणं शोधायचं, पाच-सहा लॉट (लिलावाला ठेवलेली नाणी) काढायचे, आणि आपलं नाणं हातात धरून फोटोशी ताडून बघायचं : केसांच्या बटा एवढ्याच उठून दिसतात का, कपड्यावरची नक्षी एवढीच शाबूत आहे का. सगळ्यात जास्त गेलेला लॉट सोडून द्यायचा, त्या दिवशी दोन हट्टी माणसं समोरासमोर आली असणार. आणि न विकले गेलेले लॉट मुद्दाम बघायचे, लोक ते बघत नाहीत, पण बाजार कुठे नाही म्हणतो ते तिथेच कळतं. बरं ही किंमत पण तुमच्या हातात पडणारी नव्हे. लिलाववाले विकणाऱ्याकडून कमिशन घेतात, घेणाऱ्याकडून वेगळं प्रीमियम घेतात, त्यावर टॅक्स. माझ्यासारखा डीलर रोख देणार असेल तर साध्या नाण्याला मी जेवढ्याला विकू शकेन त्याच्या ६०-७० टक्के देते, कारण ते नाणं माझ्या ट्रेमध्ये दोन वर्षं पडून राहू शकतं. चांगल्या नाण्याला ८० पर्यंत जाते, कारण त्याला गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असतं.

इथे परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टीही आहेतच. तुम्हाला घाई असेल तर भाव पडणार. एकच नाणं असेल तर डीलर फारसा उत्साह दाखवणार नाही, पन्नास असतील तर तो घरी येईल. आणि विकायचंच नसेल, नुसतं कुतूहल असेल, तर ॲपचा आकडा बघून खूश व्हा की, त्याने कुणाचं काय जातंय.

बाकीची नाणी. १९४७ चा वाघाचा रुपया चांदीचा नाही. स्वातंत्र्याचं साल म्हणून लोक जपून ठेवतात आणि ॲपमध्ये "सिल्व्हर" असं चुकीचं आलं की अजूनच जपतात. फ्रिजवरचं मॅग्नेट आणा आणि जवळ न्या, टक् करून चिकटेल. १९४७ चे रुपये निकेलचे, आणि निकेल चुंबकाला चिकटतं, चांदी चिकटत नाही. मला ही परीक्षा फार आवडते कारण ती फुकट आहे आणि वाद मिटवते. प्रदर्शनात एकदा एक काका माझ्याशी दहा मिनिटं भांडत होते, मी काही न बोलता पर्सच्या बटणातलं चुंबक पुढे केलं, रुपया उडून चिकटला, आणि काका हसायला लागले.

गांधीजींचं दहा रुपयांचं नाणं १९४८ चं नाही, १९६९ चं आहे, जन्मशताब्दीचं. त्यावर १८६९–१९४८ असं त्यांचं आयुष्य लिहिलंय. हे मात्र चांदीचं आहे बरं, १५ ग्रॅम, ८० टक्के, म्हणजे १२ ग्रॅम चांदी. तुमच्या राणीछापाहून जास्त. गंमत म्हणजे ॲप याला "कॉमन" म्हणतं म्हणून लोक मुलांना खेळायला देतात. पण त्याच साली गांधीजींचा एक रुपया, पन्नास पैसे आणि पितळी वीस पैसेही निघाले, त्यांत चांदी अजिबात नाही, त्यामुळे आधी आकडा वाचा.

रामदरबारचं १८१८ चं नाणं : सॉरी, पण ते नाणंच नाही. ईस्ट इंडिया कंपनीने राम-सीता-हनुमान असलेला आणा कधीच काढला नाही. हे अलीकडे बनवलेले पत्रे आहेत, बाजारात पोत्याने मिळतात, १६१६, १७१७, १८१८ अशी सोयीची सालं टाकलेली, आणि वर "यूकेएल वन आना" असलं कधी अस्तित्वात नसलेलं काहीतरी. खरे रामटंके असतात, देवस्थानांत मिळायचे, पूजेसाठी, त्यांचे वेगळे संग्राहक आहेत. पण त्यांच्यावर कंपनीचं नाव नसतं. ॲपने याला पन्नास हजार दाखवले असतील तर त्यावरूनच त्याची पारख कळावी, कारण ते फोटो जुळवतं आणि इंटरनेटवर या पत्र्यांच्या जाहिराती ढिगाने आहेत. यालाच जोडून, वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं, ट्रॅक्टरची नोट, ७८६ चा नंबर असल्या लाखोंच्या जाहिराती येतील आता तुम्हाला, कारण तुम्ही ॲप टाकलंय. फोन केला की गोड बोलून आधी रजिस्ट्रेशन फी, मग टॅक्स, मग अजून काहीतरी मागतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढून सांगितलंय की बँकेचं नाव आणि लोगो वापरून जुनी नाणी-नोटा खरेदीसाठी कमिशन मागणाऱ्यांशी आमचा काही संबंध नाही. विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे असतील तर तो व्यवहार नाहीच, एवढं धरून चाला.

आता राहिलं तांब्याचं वेडंवाकडं, ज्याला दोन्ही ॲपनी "ओळखता आलं नाही" म्हटलं आणि तुम्ही ते सगळ्यात शेवटी लिहिलंय. मला पाचात तेच सगळ्यात आवडलं.

ती शिवराई आहे. फोटोत एका बाजूला "राजा" मधला "रा" आणि खाली "शिव" मधला "शि" मला दिसतोय, कडेला ठिपक्यांचं वर्तुळ अर्धंच आलंय. पूर्ण मजकूर एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति" असा असतो, पण ही नाणी हाताने ठोकलेली, ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे अख्खी अक्षरं एकाच नाण्यावर क्वचितच मिळतात. कधी ठसा सरकलेला, कधी दोनदा बसलेला. एका नाण्यासारखं दुसरं नाही. ॲपला मशीनवर पाडलेली, एकसारखी, गोल नाणी कळतात कारण शिकवलंच ते आहे. इथे माणसाचा डोळा लागतो. मी अजूनही शिवराई हातात घेतली की आधी अंगठ्याने चाचपते, मग तिरप्या उजेडात फिरवते, आणि फिरवता फिरवता एक अक्षर एकदम वर येतं, तो क्षण कुठल्याही आकड्यापेक्षा भारी असतो.

पण उगाच आशा लावत नाही. शिवराई महाराजांच्या काळात सुरू झाली तरी ती पुढे पेशवाईत आणि इंग्रजी अमलातही चालत राहिली, मधे दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई तर आपल्याकडे जुन्या घरांत मूठ-मूठ निघते. ती काहीशे रुपयांना जाते. महाराजांच्या काळातली मानली जाणारी, अक्षरांचं वळण वेगळं असलेली, तिला चांगली किंमत येते, आणि म्हणूनच नकलाही येतात. तुमची कुठली ते मागच्या बाजूचा नीट फोटो बघितल्याशिवाय मी सांगणार नाही, आणि फोटोवरून छातीठोक सांगणाऱ्या कुणावर विश्वासही ठेवू नका, मी धरून.

असंच अंकुशी रुपयाचं. बारामतीकडचे एकजण घेऊन आले होते, ॲपने त्यांना "मुघल, शाह आलम दुसरा" सांगितलं होतं. फारसी मजकुरात नाव खरंच शाह आलमचं आहे, पण कोपऱ्यात हत्तीचा अंकुश आहे, म्हणजे पुण्याची टांकसाळ, मराठ्यांचा रुपया. मराठे बादशहाच्या नावानेच रुपया पाडत, खूण मात्र आपली. ॲपने नाव वाचलं, खूण सोडली.

आता माझीच एक फजिती सांगते म्हणजे मी फार शहाणी आहे असं वाटायला नको. तेव्हा ॲप नव्हती, कॅटलॉग होता, पण चूक तीच. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया फार दुर्मिळ, कॅटलॉगमधला आकडा माझ्या डोक्यात पक्का बसलेला, आणि एका जुन्या बाजारात तो मला त्याच्या चौथ्या हिश्श्याला मिळाला. घरी येईपर्यंत मी हवेत. रात्री भिंगाखाली धरला तर १९३९ मधला पहिला ९ गुबगुबीत आणि दुसऱ्या ९ ची शेपटी बारीक, जरा वाकडी. १९३८ च्या ८ ला कोरून ९ केलेला. दोन नऊ शेजारी-शेजारी ठेवून बघायला मला दहा सेकंद लागली असती, पण मी नाणं बघतच नव्हते, किंमत बघत होते. तो रुपया अजून माझ्याकडे आहे, नवीन मुलांना दाखवायला.

कायद्याचं थोडक्यात. शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात, ती परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत, त्यामुळे ॲप एखाद्या परदेशी साइटवर विका असं सुचवत असेल तर राणीछाप आणि शिवराई तिथे टाकू नका. तुमची घरातल्या ट्रंकेतली आहेत म्हणून ठीक, पण कुणाला शेतात किंवा पाया खणताना सापडली असतील तर १८७८ च्या निधी कायद्यानुसार कलेक्टरला कळवावं लागतं.

तर सध्या एवढं करा. दोनशे-तीनशे रुपयांत ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा मिळतो, त्यावर राणीछापाचं वजन करा. ११.५ च्या आसपास आलं तर ठीक, साडेदहा आलं तर आपण वेगळंच बोलू. ठिपके मोजा, खाली किती वर किती. शिवराईचे दोन्ही बाजूंचे फोटो फ्लॅश बंद करून, सकाळच्या उजेडात, नाणं काळ्या कापडावर ठेवून, उजेड एका बाजूने पडेल असे काढा, आणि ब्युटी मोड असेल तर तो बंद करा कारण तो नाण्याच्याही सुरकुत्या घालवतो. फोटो इथेच टाका. आणि आईंना सांगा, शिवराईवरचा तो हिरवा-तपकिरी थर मळ नाहीये, तिला चिंच लावायची नाही.